झाडांखालील कुरणासाठी गवताची निवड

यवतमाळ, चंद्रपूर या प्रांतीं सागाच्या कोरड्या रानालगत राहणाऱ्या कुटुंबांस उन्हाळ्यातील वैरणीची चिंता नित्याचीच आहे. झाडांखालील मोकळ्या जागेत गवत लावावे, हा विचार स्तुत्य होय. परंतु निवड चुकली तर बी, श्रम आणि एक पावसाळा, ही तिन्ही व्यर्थ जातात.

१. सावलीची परीक्षा. वैशाखात साग निष्पर्ण असतो; तेव्हा जागा पाहणाऱ्यास तेथे ऊन विपुल आहे असे वाटते. परंतु गवत वाढते पावसाळ्यात, आणि त्याच वेळी सागाची रुंद पाने पूर्ण पसरलेली असतात. यास्तव जागेची परीक्षा श्रावणात, उघाडीच्या दिवशी, भर दुपारी करावी.

२. निवड. पवन्या, मारवेल व अंजन गवत ही उत्तम खरी, पण ती उन्हाची आवड असणारी आहेत. झाडे विरळ असतील तेथेच ती लावावी. जेथे ऊन व सावली साधारण सारखी पडते, तेथे गिनी गवताचे ठोंब लावावे. हे मूळचे आफ्रिकेतील असून मध्यम सावली सोसते. त्याच्या जोडीस गोकर्णाचा वेल लावावा; त्याच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठून जमिनीस कस येतो, आणि पालाही गुरे आवडीने खातात. ऊन जमिनीवर पोहोचतच नाही अशा दाट सावलीत मात्र बी टाकूच नये.

३. चराई. सावलीतील गवताची पाने रुंद व टवटवीत दिसतात, म्हणून फसू नये. त्याची मुळे उन्हातील गवतापेक्षा थोडी असतात. पहिल्या वर्षी गुरे सोडू नयेत, गवत कापून घालावे. पुढेही वीतभर बुंधा राखून गवतास विसावा द्यावा.

४. सावधगिरी. न कापलेले गिनी गवत वाळून वणव्यास खाद्य होते, व त्याचे बी दूरवर पसरते. म्हणून ते आपल्या शेतातील झाडांखालीच लावावे, नैसर्गिक रानात नेऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे. तरी रानात काही लावण्यापूर्वी ग्रामसभेत विचार करून वनखात्यास विचारावे.

प्रश्न : (१) सावली वैशाखात का पाहू नये? (२) पवन्या कोठे लावावा? (३) बुंधा वीतभर का राखावा?