टाळू आधी बघ, रक्तगट नंतर

पोरी, प्रॅक्टिकलच्या तासाला तुम्ही सगळ्यांनी आपापल्या तोंडातला नमुना घेतलात आणि तुझ्या प्लेटवर बुरशी उगवली. त्यात तुझा रक्तगट ओ. वर्गात कुणीतरी म्हणालं, ‘ओ गटवाल्यांच्या तोंडात यीस्ट जास्तच असतं’, आणि तेव्हापासून तू रोज आरशासमोर जीभ काढून उभी राहतेस, असं ताई फोनवर सांगत होती. मावशीनं जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावून जे शिकून घेतलं, ते आता नीट ऐकून ठेव.

प्लेटवर उगवलेल्या त्या सायीच्या रंगाच्या, गुळगुळीत, पावासारखा वास येणाऱ्या वसाहती म्हणजे आजार नव्हे. कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट धडधाकट माणसांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या लोकांच्या तोंडात बिनबोभाट राहतं. नमुना कसा घेतला यावर आकडा कमीजास्त होतो. तोंड दुखत नाही, आग होत नाही, चव गेलेली नाही, कुठे लाली नाही, तर नुसतं यीस्ट सापडलं म्हणून औषध द्यायचं नाही. घ्यायचंही नाही. सकाळी उठून ग्लासभर पाण्यात थुंकायचं आणि थुंकी खाली बसते का ते बघायचं, या घरगुती परीक्षेला काही अर्थ नाही. तसं कुणी करत असेल तर प्रेमानं थांबव.

आता रक्तगटाचं. ती गोष्ट अगदीच हवेतली नाही. कार्ल लँडस्टायनरनं 1901 मध्ये रक्तगट दाखवून दिले, पण ते ठरवणाऱ्या साखरेच्या साखळ्या फक्त तांबड्या पेशींवर नसतात, गालाच्या आतल्या पेशींवरही असतात. ए आणि बी गटांत मूळ साखळीच्या टोकाला आणखी एक साखर जोडलेली असते. ओ गटात ती नसते, त्यामुळे एच नावाची मूळ साखळी उघडी राहते. यीस्टला चिकटून बसायला ही उघडी साखळी सोयीची पडत असावी, असा तर्क आहे. शिवाय दर पाचांतली जवळपास चार माणसं या साखळ्या लाळेतही सोडतात. त्यांना सिक्रेटर म्हणतात. लाळेतल्या साखळ्यांना चिकटलेलं यीस्ट घोटाबरोबर पोटात जातं. ज्यांच्या लाळेत त्या नसतात, त्यांच्या गालावर यीस्टला ठाण मांडायला जास्त वाव मिळतो, असा हा सगळा विचार. 1988 मध्ये निरोगी लोकांवरचा एक अभ्यास छापून आला. त्यात ओ गटाच्या आणि नॉन-सिक्रेटर लोकांच्या तोंडात यीस्ट जास्त वेळा सापडलं होतं. पुढच्या अभ्यासांत काहींना हा संबंध दिसला, काहींना दिसला नाही. म्हणजे असलाच तर तो थोडासा कल आहे, आणि तोही यीस्ट असण्याचा, आजार होण्याचा नव्हे. रक्तगट बघून पथ्य सांगणारी पुस्तकं बाजारात आहेत. त्या पथ्यांना पुरावा नाही. ओ गटाच्या पेशंटला ‘तुम्ही पाव, इडली सोडा’ असं कधी सांगू नकोस. पावाचं यीस्ट वेगळं, कॅन्डिडा वेगळा.

ओ गटावरून एक महत्त्वाचं सांगून ठेवते, यीस्टशी त्याचा संबंध नसला तरी. ज्यांच्या पेशींवर ही मूळ एच साखळीच नसते, त्यांचा गट साध्या तपासणीत ओ असाच दिसतो. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट आपल्या मुंबईत शोधला, म्हणून जगभर त्याला बॉम्बे गट म्हणतात. आपल्याकडे साधारण 10,000 माणसांत एखादा. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, ते जिवावर बेततं. मोठी शस्त्रक्रिया असेल तेव्हा कार्डावर काय लिहिलंय यावर विसंबू नकोस, क्रॉसमॅचिंगशिवाय पुढे जायचं नाही.

तर तोंडात यीस्ट का माजलं हे शोधताना रक्तगट विचारत बसू नकोस. आधी कवळी काढायला सांग. वरची कवळी उतरवली की पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा टाळू लालभडक दिसतो, आणि ती लाली अगदी कवळीच्या कडेपाशी थांबते, कुणी आखून दिल्यासारखी. दुखत काहीच नसतं, म्हणून ते तक्रार घेऊन येत नाहीत. विचारलं की कळतं, रात्रीही कवळी तोंडातच असते, कारण जावयासमोर, सुनेसमोर बोळकं तोंड दाखवायची लाज वाटते. इथे औषधाआधी बोलणं लागतं. घरच्यांना बाहेर बसव, आजींचा हात हातात घे आणि सांग, की रात्रभर टाळूला मोकळं सोडलं नाही तर कितीही थेंब घातले तरी लाली परत येणार. कवळी साबणानं आणि मऊ ब्रशनं घासायची. टूथपेस्टनं तिच्यावर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत यीस्ट दडून बसतं. उकळतं पाणी कधीच नाही, कवळीचा आकार बिघडतो. रात्री ती साध्या पाण्यात ठेवायची आणि पाणी रोज बदलायचं. ओठांचे कोपरे चिरलेले असतील तर त्यांना मलम देऊन पाठवू नकोस, कवळी झिजून ओठ आत गेलेत का तेही बघ. हे एवढं केलं तर निम्म्याहून जास्त टाळू आपोआप निवळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दम्याचा पंप घेणाऱ्यांना प्रत्येक वेळी पंपानंतर खळखळून चूळ भरून थुंकायला सांग. स्पेसर लावला तर औषध घशात कमी साचतं. रक्तदाबाच्या, झोपेच्या, मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळ आटली की तोंडाची राखणच जाते. औषधांची पिशवी घेऊन यायला सांगत जा. अँटिबायोटिकचा कोर्स झालाय का, हे विचारायचं कधी चुकवू नकोस. मधुमेह असेल तर साखर बघ, नसेल तरी बघ.

आणि तरण्याताठ्या माणसाचं तोंड यातलं एकही कारण नसताना पांढरं झालं असेल, तर जास्त काळजीनं बघ. 1981 मध्ये अमेरिकेत एड्सचा पहिला अहवाल आला तो लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांचा, आणि पाचही जणांना कॅन्डिडाचा संसर्ग होता. एचआयव्हीची तपासणी सुचवायची वेळ आली तर माणसाला बाजूला बसवून, सगळं समजावून, त्याची मंजुरी घेऊनच. मागच्या खुर्चीवरच्या पेशंटला ऐकू जाईल असा शब्द निघता कामा नये.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्याच्या कणांसारखे पांढरे डाग दिसले की आपल्याकडे अजूनही टाकणखार मधात कालवून लावतात. कितीही मोठं माणूस सांगत असलं तरी लावू देऊ नकोस. टाकणखार बाळाला विषारी ठरतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. डॉक्टरनं दिलेलं औषध बाळाच्या तोंडात आणि गरज असेल तर आईच्या स्तनाग्रालाही, दोघांचं एकदमच. एकालाच दिलं तर ते एकमेकांना परत लागतं.

औषधाचंही एक. मायकोनाझोलचं जेल लोक दुकानातून सहज आणतात. हृदयाच्या झडपेसाठी किंवा रक्त पातळ राहावं म्हणून जे वॉरफरिन घेतात, त्यांना ते चालत नाही, जिभेवर लावलं तरी. रक्तस्राव होऊ शकतो. लिहून देण्याआधी विचार, आणि दुकानातून परस्पर आणलेलं आहे का तेही विचार.

शेवटचं सगळ्यात जपून ठेव. पांढरा डाग दिसला की गॉझचा तुकडा घेऊन हलकेच पुसून बघ. पुसला गेला आणि खाली लाल दिसलं तर यीस्टचा संशय धर. पुसला गेला नाही, आणि माणूस तंबाखू मळतो, गुटखा खातो, किंवा घरातली बाई मिश्री लावते, तर बुरशीचे थेंब देऊन महिनाभर वाट बघत बसायचं नाही. तो कर्करोगाच्या आधीचा डाग असू शकतो. दोन आठवड्यांत गेला नाही असा कुठलाही डाग किंवा व्रण तुकडा काढून तपासायला पाठवायचा, आणि पेशंट परत आला नाही तर आपण होऊन त्याच्या घरी फोन करायचा.