जुनी हिमालयन, नवी डुगडुग

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड हिमालयन ४११ घेतली. हळू चालवताना हँडल मध्यभागी अडकल्यासारखं वाटतं आणि सामान लादून हायवेवर ८०च्या पुढे गेलं की गाडी डुलते. काय बदलू?

उत्तर : आधी काहीच बदलू नका. हे दोन वेगळे आजार दिसतात.

हँडल अडकतं ते बहुधा कोनसेटमुळे. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवा. मध्यावर खाच जाणवली तर वाट्यांना खड्डे पडलेत. नट कितीही सैल-घट्ट केला तरी ते जाणार नाहीत. अख्खा सेट बदलावा लागेल. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खटखट झाली तर कोनसेट सैल आहे.

डुलण्यासाठी मात्र मागे बघा. थंड टायरमधली हवा मॅन्युअलप्रमाणे भरा. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर मी घाटात वापरणार नाही. चिमट्याचे बुश आणि मागच्या शॉकअपच्या लिंकेजमधलं ग्रीस तपासून घ्या. जुन्या गाड्यांत ते हमखास कोरडं सापडतं. स्पोकही वाजवून बघा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो.

आणि सामान? जड वस्तू टॉपबॉक्समध्ये असतील तर पुढचं चाक हलकं होतं. त्या खाली, सीटजवळ बांधा आणि शॉकअपचा प्रीलोड वाढवा. तोवर मागे कुणाला बसवू नका.