ई-मेलचे सेशन अवेळी का संपते? कारण कसे शोधावे, नुकसान कसे टाळावे

व्यापाराची पत्रे आता टपालाने कमी आणि ई-मेलने अधिक जातात. भिवंडीचा कापड व्यापारी असो की धारावीत चामड्याच्या पर्स बनविणारा कारागीर, बाहेरगावच्या ग्राहकाला दरपत्रक, नमुन्याचे फोटो आणि बिल ई-मेलनेच पाठवावे लागते. अशा वेळी वीस-पंचवीस ओळींचे दरपत्रक टाइप करून 'सेंड'चे बटण दाबावे आणि पडद्यावर 'सेशन संपले, पुन्हा लॉग-इन करा' एवढेच उमटावे, हा अनुभव अनेकांना येतो. मजकूर जातो, वेळ जातो, कधी ऑर्डरही जाते. अशा वेळी बहुतेक लोक इंटरनेटला दोष देतात आणि पासवर्ड पुन्हा टाकून मोकळे होतात. वास्तविक याची कारणे मोजकी आहेत आणि ती थोड्या निरीक्षणाने ओळखता येतात.

सेशन म्हणजे काय?

ब्राउझरमध्ये ई-मेल उघडताना आपण पासवर्ड देतो. तो बरोबर असेल तर कंपनीचा सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक चिठ्ठी देतो. तिला 'कुकी' म्हणतात. यापुढे प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर ही चिठ्ठी दाखवतो आणि सर्व्हर आपल्याला ओळखतो. चिठ्ठी हरवली, तिची मुदत संपली किंवा सर्व्हरला तिच्याविषयी शंका आली, की सेशन संपले. म्हणजेच सेशन संपणे हा मुळात बिघाड नसून बंदोबस्त आहे. दुकानातला संगणक उघडा ठेवून आपण बाहेर गेलो, तर दुसऱ्या कोणी आपली पत्रे वाचू नयेत, हा त्यामागचा हेतू. प्रश्न फक्त अवेळी संपण्याचा आहे.

आधी नोंद ठेवा

तीन दिवस एक कागद संगणकाजवळ ठेवा. सेशन संपले की किती वाजले, त्यापूर्वी किती वेळ काम थांबले होते, इंटरनेट वाय-फायचे होते की मोबाइलचे, आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, हे लिहा. या नोंदींवरून कारण पुढीलप्रमाणे ओळखावे.

१) ठराविक वेळाने संपते. ही सर्व्हरवर ठरवलेली मुदत होय. स्वतःच्या डोमेनचा ई-मेल घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांकडे पुष्कळदा 'राउंडक्यूब' हा प्रोग्राम असतो. त्यात ही मुदत मूळची १० मिनिटांची आहे. पान उघडे असेपर्यंत ते दर मिनिटाला सर्व्हरला खूण पाठवत असते, म्हणून सहसा अडचण येत नाही. परंतु लॅपटॉप झोपी गेला किंवा मोबाइलवर आपण दुसरे अ‍ॅप उघडले, की खूण थांबते आणि मुदत भरते. यावर उपाय म्हणजे काम चालू असताना संगणकाची 'स्लीप'ची वेळ वाढवावी. मुदत वाढविणे आपल्या हाती नसते. ते सेवा देणाऱ्या कंपनीला सांगावे लागते.

२) वेळेचा मेळ नाही, पण इंटरनेट बदलले की संपते. प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता असतो. वाय-फाय जाऊन मोबाइलचे इंटरनेट सुरू झाले की हा पत्ता बदलतो. 'सीपॅनेल'सारख्या व्यवस्थेत सर्व्हर हा पत्ता तपासू शकतो. पत्ता बदललेला दिसला की तो पुन्हा लॉग-इन करावयास सांगतो. ही तपासणी चोरलेली चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये म्हणून असते. म्हणून ती बंद करवून घेण्यापेक्षा महत्त्वाचे पत्र एकाच जोडणीवरून पूर्ण करावे.

३) ब्राउझर बंद केला की प्रत्येक वेळी संपते. 'बंद करताना कुकी पुसा' ही सोय चालू आहे का ते पाहावे. संगणक 'साफ' करणारे प्रोग्रामही कुकी पुसून टाकतात.

४) लॉग-इन करताच बाहेर फेकले जाते. संगणकाची तारीख पाहावी. जुन्या संगणकातील छोटी गोल बॅटरी संपली असेल, तर वीज गेल्यावर तारीख मागे जाते. मग ब्राउझर सुरक्षित पान उघडण्यास नकार देतो. तारीख पुढे गेली असेल, तर आलेली चिठ्ठी त्याला कालबाह्य वाटू शकते. ही बॅटरी स्वस्त मिळते, ती बदलावी.

५) सर्व संगणक आणि मोबाइलवर एकदम संपते. पासवर्ड कोणी बदलला आहे का, याची तातडीने चौकशी करावी. भागीदाराने किंवा मुनीमाने बदलला नसेल, तर ही धोक्याची खूण समजावी.

थंडरबर्ड किंवा आउटलुक वापरणाऱ्यांसाठी

असे प्रोग्राम 'आयमॅप' पद्धतीने जोडणी उघडी ठेवतात. या पद्धतीच्या नियमानुसार सर्व्हरने निष्क्रिय जोडणी किमान ३० मिनिटे राखावी. परंतु मधला राउटर त्याआधीच ती तोडू शकतो. नवे पत्र तपासण्याची वेळ १० मिनिटांवर किंवा त्याहून कमी ठेवावी. प्रोग्राम वारंवार पासवर्ड मागत असेल, तर तो टाइमआउट नव्हे. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी, आणि मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी, बाहेरील प्रोग्रामला नुसत्या नेहमीच्या पासवर्डने प्रवेश देणे बंद केले. प्रोग्रामची नवी आवृत्ती घेऊन खाते 'ओऑथ' पद्धतीने पुन्हा जोडावे.

खोट्या सूचनेपासून सावध

ठग हीच सूचना हत्यार म्हणून वापरतात. 'खरेदीची ऑर्डर' म्हणून एक फाइल किंवा लिंक येते. ती उघडताच 'आपले सेशन संपले, पासवर्ड द्या' असे हुबेहूब पान दिसते. सवयीने पासवर्ड टाकला, की तो ठगाच्या हाती गेला. मग तो आपली पत्रे निमूटपणे वाचतो आणि बिल निघण्याच्या सुमारास आपल्याच नावाने ग्राहकाला लिहितो की, 'आमचे बँक खाते बदलले आहे.' माल आपला जातो, पैसा त्याच्याकडे जातो.

म्हणून नियम करा: पत्रातील लिंक किंवा फाइल उघडल्यावर पासवर्ड मागितला, तर तो देऊ नये. पान बंद करावे आणि ई-मेलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जावे. पासवर्ड दिला गेलाच असेल, तर तो लगेच बदलावा, सर्व ठिकाणचे लॉग-इन रद्द करावे, पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठविण्याचा नियम कोणी लावला आहे का ते सेटिंगमध्ये पाहावे, आणि ग्राहकांना फोन करून सावध करावे. पैसा गेला असल्यास विनाविलंब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

मजकूर कसा वाचवावा?

मोठे दरपत्रक आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून सेव्ह करावे, मग पत्रात चिकटवावे. निदान 'सेंड'पूर्वी सर्व मजकूर निवडून कॉपी करून घ्यावा. राउंडक्यूब मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी मसुदा जपतो. ही वेळ सेटिंगमध्ये कमी करता येते. सेशन संपल्याची सूचना आली आणि मजकूर अजून समोर दिसत असेल, तर पान ताजे करू नये, आधी मजकूर कॉपी करावा.

एवढे करूनही त्रास थांबला नाही, तर तीन दिवसांच्या नोंदींचा कागद सेवा देणाऱ्या कंपनीकडे पाठवावा. 'ई-मेल चालत नाही' या तक्रारीला उत्तर देणे कठीण असते. 'सोमवारी ११ वाजून २० मिनिटांनी, १० मिनिटे काम थांबल्यानंतर, वाय-फायवर' असे लिहिले, तर कंपनीच्या माणसाला सर्व्हरच्या नोंदीत नेमके तेच ठिकाण शोधता येते. हिशेबाची वही चोख ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला एवढी नोंद अवघड नाही.