येट्स, सिंज आणि आपला बडनेरा

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासात आयर्लंडचे नाव आले की आपल्यापैकी अनेकांच्या मनात प्रश्न उभा राहतो : त्या समुद्रवेढ्या देशाचा आणि आपल्या कपाशीच्या वऱ्हाडाचा संबंध काय? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली, त्यामुळे “हे वाचून काय भेटते वं तुले?” असे आईही विचारते. उत्तर शोधताना मला दोन गोष्टी सापडल्या. एक पुराव्याची, दुसरी साम्याची. निबंध लिहिताना या दोहोंची गल्लत होऊ नये, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम पुराव्याची गोष्ट. श्रीपुरोहित स्वामी यांचा जन्म १८८२ साली बडनेऱ्यास झाला. अकोल्याहून अमरावतीस येताना आपण जेथे गाडी बदलतो, तेच हे बडनेरा. १९३१ साली लंडनमध्ये त्यांचा कवी येट्स यांच्याशी परिचय झाला. येट्स यांना १९२३ सालीच नोबेल पारितोषिक मिळालेले होते. स्वामींच्या ‘ॲन इंडियन मंक’ (१९३२) या आत्मचरित्रास त्यांनी प्रस्तावना लिहिली. स्वामींचे गुरू भगवान श्रीहंस यांनी आपल्या कैलास-मानसयात्रेचा वृत्तान्त मराठीत लिहिला होता. स्वामींनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर ‘द होली माउंटन’ (१९३४) हेही येट्स यांच्याच प्रस्तावनेसह निघाले. पुढे दोघांनी मायोर्का बेटावर एकत्र बसून दहा उपनिषदांचे भाषांतर केले. ते १९३७ साली प्रसिद्ध झाले.

हे वाचून छाती फुगते. परंतु अभिमान म्हणजे समीक्षा नव्हे. येथे सनावळी आपल्या मदतीस येते. ‘मेरू’ ही कविता १९३५ च्या संग्रहातील आहे. तीत मेरू पर्वतावरचे तपस्वी येतात. तिचा संबंध ‘द होली माउंटन’शी जोडण्यास आधार आहे. ‘द टॉवर’ हा संग्रह मात्र १९२८ चा, म्हणजे परिचयापूर्वीचा. त्याचे श्रेय बडनेऱ्याला देता येणार नाही. शिवाय तरुण येट्स यांनी डब्लिनमध्ये मोहिनी चटर्जी यांची प्रवचने ऐकली होती आणि १९१२ साली ‘गीतांजली’स प्रस्तावनाही लिहिली होती. भारताची ओढ त्यांना आधीपासूनच होती. स्वामी त्या वाटेवर उशिरा भेटले.

आता साम्याची गोष्ट. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंज १८९८ पासून अनेकदा अरान बेटांवर जाऊन राहिला. त्याच्या ‘रायडर्स टू द सी’ (१९०४) या एकांकिकेतील कोळी कुटुंब बोलते ते इंग्रजी. पण वाक्याची ठेवण आयरिश भाषेची. पुस्तकी व्याकरणाच्या दृष्टीने ती अशुद्धच ठरेल. आपण वऱ्हाडीत “काय करून राहिला?” म्हणतो, तेव्हा शब्द मराठी असतात आणि ठेवण हिंदीच्या शेजाराची. वर्गात आमच्या “मले-तुले”वर हशा पिकतो. अशाच बोलीतून सिंजने सर्व मुलगे समुद्राने नेलेल्या मोर्याचा शोक उभा केला. ज्या भाषेत घरातले दुःख बोलले जाते, ती गंभीर नाटकाला कमी पडत नाही, हे मला तेथे उमगले.

तरीही हे साम्यच आहे, नाते नव्हे. सिंज डब्लिनजवळच्या सुखवस्तू प्रॉटेस्टंट कुटुंबातला. बेटावर तो पाहुणा होता. त्याच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’च्या प्रयोगात १९०७ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरात दंगा झाला. आपल्या खेड्यातील माणसांची बदनामी होते, असे प्रेक्षकांतील अनेकांना वाटले. गावाचे बोलणे गावाबाहेरच्याने लिहावे काय, हा प्रश्न तेथून निघतो. वऱ्हाडी घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला तो पुस्तकातला वाटणार नाही.

गाइडमधला निबंध उतरवला तर गुण मिळतीलही. पण अमरावतीचा आणि अकोल्याचा पेपर अगदी एकसारखा निघेल. माझ्या सहाध्यायांना एवढीच विनंती की, मूळ कृती आधी वाचावी, तिचे साल पाहावे आणि लिहिताना प्रत्येक विधानाला विचारावे : हा पुरावा आहे की साम्य? पुरावा असेल तर ठामपणे लिहावे. साम्य असेल तर ‘मला असे दिसते’ म्हणून लिहावे. असे लिहिण्याचा हक्क आपल्यालाही आहे.