मुलाखतीत पगाराचे बोलणे कसे करावे?

बारामती एमआयडीसीत किंवा इंदापूरच्या लोणी देवकर एमआयडीसीत मुलाखतीला गेलेली आपली मुले बाकीची उत्तरे नीट देतात. पण "पगाराची अपेक्षा किती?" असे विचारले की ठरलेले उत्तर येते, "सर, तुम्ही द्याल ते." घरी मात्र ह्याच मुलांना उसाचा दर तोंडपाठ असतो. सोमेश्वरने किती दिला, माळेगावने किती, छत्रपतीने किती!

तोच हिशेब इथे लावा. एफआरपी जाहीर होते, पण तोडणी-वाहतूक वजा होऊन उरेल तेच शेतकऱ्याच्या खात्यावर येते. सीटीसीचेही तसेच. समजा, वर्षाला ३ लाख सीटीसी सांगितली, म्हणजे महिना २५,००० रुपये. मूळ पगार १२,५०० धरला, तर कंपनीचा पीएफ वाटा १२ टक्क्यांनी १,५०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ६०० हे सीटीसीतच मोजलेले असतात. राहिले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात साधारण २१,२०० येतात. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. पीएफ तोडणीसारखा जात नाही, तुमच्याच नावावर साठतो, हे खरे. पण खोलीभाडे त्यातून देता येत नाही ना!

म्हणून आकडा ऐकला की लगेच हो म्हणू नका. "मॅडम, यातले हातात किती येतील? मी कंपनीच्या रोलवर असेन की ठेकेदाराच्या? बस आहे का?" असे सरळ विचारा. यात उद्धटपणा काही नाही. मागणीला कामाचे कारण जोडा: "मला सीएनसी चालवता येते, वर्षभर अप्रेंटिस होतो, हातात २३,००० ची अपेक्षा आहे." घरची अडचण सांगून पगार वाढत नाही, हे माझे स्पष्ट मत. आधीचा पगारही फुगवून सांगू नका, सॅलरी स्लिप मागतात.

भिगवणच्या मुलाला चाकणला ३,००० जास्त मिळत असतील, तर खोली आणि मेसचा खर्च आधी मांडून बघा.

"सहा महिन्यांनी वाढवू" असे तोंडी सांगितले तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. लिहून दिले नाही तर ती वाढ हिशेबात धरू नका, आणि लेटर हातात येईपर्यंत जुन्या कंपनीत राजीनामा देऊ नका.