शेतातील उंदरांची गणती

शेतात उंदीर किती आहेत असे विचारल्यास "पुष्कळ आहेत" एवढेच उत्तर बहुधा मिळते. या उत्तरावरून विषारी आमिष किती लागेल हे ठरत नाही. आणि आमिष घातल्यावर उंदीर खरोखर घटले की काय, हेही समजत नाही. रानातील प्राणी ओळीने उभे करून मोजता येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी अंदाजाच्या रीती बसविल्या आहेत.

त्यांपैकी एक रीत खूण करून सोडण्याची होय. डेन्मार्कमधील मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ साली माशांच्या संदर्भात ही कल्पना मांडली, आणि १९३० साली अमेरिकेत लिंकन यांनी पायात कडी घातलेल्या रानबदकांसाठी ती वापरली. समजा, पिंजऱ्यात ४० उंदीर धरले व खूण करून सोडले. काही दिवसांनी पुन्हा ५० धरले, त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे पाचांत एक खुणेचा. तेव्हा ४० हा एकूण संख्येचा पाचवा हिस्सा समजून एकंदर उंदीर २०० धरावेत. मात्र मधल्या काळात उंदीर बाहेरून आले, मेले किंवा खूण पुसली गेली, तर हिशेब चुकतो. शिवाय एकदा अडकलेला उंदीर पिंजऱ्यास बिचकू लागला, तर खुणेचे उंदीर कमी सापडतात आणि संख्या वाजवीपेक्षा फुगते. ही रीत संशोधन केंद्रासाठी ठीक. जिवंत उंदीर हाताळण्यात रोगाचा धोका असल्याने शेतकऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

शेतकऱ्यास सोपी रीत जिवंत बिळे मोजण्याची. सायंकाळी शेतातील व बांधावरील सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच मोजावीत. बिळात हात घालू नये; सोडलेल्या बिळात साप असू शकतो. बिळे मोजली म्हणजे उंदीर मोजले, असे मात्र नव्हे. एका बिळास अनेक तोंडे असतात. काही जातींचे उंदीर बहुधा एकेकटे राहतात, तर काहींचे एका बिळात अनेक असतात. हा आकडा तुलनेसाठीच वापरावा.

संख्येइतकीच मांडणीही पाहावी. दहा गुंठ्यांत २० जिवंत बिळे आढळली, तर सरासरी गुंठ्यास दोन. पण प्रत्येक गुंठ्यात एक, दोन किंवा तीन असणे निराळे, आणि आठ गुंठे रिकामे असून बांधालगतच्या दोन गुंठ्यांत ९ व ११ असणे निराळे. दुसऱ्या शेतात सरासरीवर विसंबून सर्वत्र आमिष पसरणे म्हणजे विष वाया घालविणे, शिवाय गुराढोरांस व पाखरांस धोका. तेथे आमिष त्या दोन गुंठ्यांतील जिवंत बिळांतच घालावे. याकरिता ग्रामसेवकाने गुंठावार आकडे लिहून ठेवावेत; नुसती बेरीज पुरत नाही.

उपायानंतर काही दिवसांनी बिळे पुन्हा बुजवून त्याच रीतीने मोजावीत. आधी ६० उघडली होती व आता १५ उघडली, तर घट शेकडा ७५ झाली. परंतु पीक निघाल्यावर उंदीर आपोआपही जागा बदलतात. म्हणून जवळचे एक शेत आमिषावाचून ठेवून तेथीलही दोन्ही वेळची मोजणी करावी. तेथेही बिळे तितकीच घटली असतील, तर ती घट आमिषाच्या खाती लिहू नये.