डिझेल पिकअपचं पोट किती दिवसांनी साफ होतं?

मित्रमैत्रिणींनो, घाबरू नका, हा आरोग्यविषयक लेख नाही! मेकॅनिकलवाल्यांना शीर्षकावरून अंदाज आला असेल. बाकीच्यांनी, म्हणजे कॉम्प्युटर, ईएनटीसी आणि आमच्या रेक्टर मॅडमनीसुद्धा, पान उलटू नये. आकडेमोड दहावीच्या गणितापलीकडची नाही. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे 'उत्सर्जन' वगैरे शब्द लिहिताना पेन अडखळतं, तेव्हा जिथे जमेल तिथे मी आपली साधीच भाषा वापरणार आहे.

विषय आहे डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. ही डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली काजळी पकडणारी गाळणी. ती भरली की गाडी आतल्या आत काजळी जाळून टाकते. या जाळण्याला रिजनरेशन म्हणतात. प्रश्न असा, की हे किती वेळा व्हायला हवं? व्हायवामध्ये कोणी विचारलं तर 'डिपेन्ड्स, सर' एवढंच सांगून सुटका होत नाही, कशावर डिपेन्ड ते सांगावं लागतं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत

फोर्ड सुपर ड्यूटी, शेवरले सिल्व्हरॅडो, रॅम हे तिकडचे धिप्पाड पिकअप. घोड्यांचा ट्रेलर ओढायचा, बांधकामाचं सामान न्यायचं आणि रविवारी त्याच गाडीतून बाजारही करायचा. २००७ च्या मॉडेलपासून तिथल्या पर्यावरण खात्याने हेवी ड्यूटी डिझेल इंजिनांच्या काजळीची मर्यादा एकदम एक दशांशावर आणली. एवढी काजळी फक्त इंजिन सुधारून कमी होईना, मग फिल्टर आलाच. त्याआधी २००६ मध्ये डिझेलमधला गंधक ५०० पीपीएमवरून १५ पीपीएमवर आणावा लागला, कारण फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टचं गंधकाशी अजिबात पटत नाही. आपल्याकडे हाच अध्याय १ एप्रिल २०२० ला बीएस-६ बरोबर आला, आणि गंधक ५० वरून १० पीपीएमवर उतरला.

गाळणी, पण चहाची नव्हे

फिल्टर म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यात शेकडो बारीक नळ्या असतात. एका नळीचं मागचं तोंड बंद, तर शेजारणीचं पुढचं बंद. धूर पहिलीत शिरतो, पण बाहेर पडायला वाट नाही. मग सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवरच राहते.

यात एक गंमत आहे. भिंतीतली छिद्रं साधारण दहा-वीस मायक्रॉनची, आणि काजळीचा कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा! मेसच्या जेवणाच्या ताटात मोहरी ठेवावी तसा हा हिशोब. तरी कण अडकतो, कारण तो सरळ जात नाही. धक्के खात, भरकटत जाऊन भिंतीला चिकटतो. आणि एकदा काजळीचा थर बसला की तो थरच गाळणीचं काम करायला लागतो. म्हणजे अगदी नव्या कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा मळलेला फिल्टर जास्त चांगला गाळतो. (हा मुद्दा रूम आवरण्याच्या बाबतीत वॉर्डनना सांगून पाहिला, पटला नाही.)

काजळी जाते कशी?

पहिला मार्ग गुपचूप. कॅटॅलिस्ट धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि तो काजळीतल्या कार्बनला साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअसलाच खाऊन टाकतो. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. याला पॅसिव्ह रिजनरेशन म्हणतात. अट एकच, धूर गरम हवा. म्हणजे इंजिनवर लोड हवा.

दुसरा मार्ग दणक्यात. फिल्टर भरत आला की कॉम्प्युटर धुरात जास्तीचं डिझेल सोडतो. ते कॅटॅलिस्टवर जळतं, तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं, आणि मग साध्या ऑक्सिजनने काजळी जळते. हे अ‍ॅक्टिव्ह रिजनरेशन. पंधरा मिनिटं ते अर्धा तास चालतं. त्या वेळी आयडलिंग वाढलेलं जाणवतं, करपट वास येतो, मायलेज पडतं. अशा वेळी वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये म्हणतात, ते उगाच नाही.

फिल्टर भरला हे कॉम्प्युटरला कसं कळतं? फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक सेन्सर मोजतो. शिवाय किती डिझेल जळलं, किती अंतर झालं, इंजिन किती तास चाललं याचा हिशोब असतोच. काही मॉडेलमध्ये फिल्टर भरला नसला तरी ठराविक तास झाले की सफाई होते, आमच्या मेसची टाकी धुतात तशी.

आता गणित

समजा फिल्टर १० लिटरचा आहे आणि लिटरमागे ४ ग्रॅम काजळी साठली की सफाई करायची. म्हणजे क्षमता ४० ग्रॅम. पुढचे आकडे मी समजण्यापुरते धरलेत, कुठल्या गाडीचे नाहीत.

पहिली गाडी रिकामी, हायवेवर. किलोमीटरला ०.०८ ग्रॅम काजळी तयार होते, ०.०२ गुपचूप जळते. उरली ०.०६. चाळीसला भागा, ६६७ किलोमीटर.

दुसरी गाडी गावात, थांबत-थांबत, एसी लावून उभी. ०.१६ ग्रॅम तयार होते आणि धूर थंड असल्यामुळे काहीच जळत नाही. उत्तर २५० किलोमीटर.

तिसरी गाडी ट्रेलर ओढत घाट चढतेय. तयार होते ०.१२, पहिलीपेक्षा दीडपट. पण धूर तापलेला, त्यामुळे ०.०८ जळून जाते. उरली ०.०४, म्हणजे १००० किलोमीटर!

सर्वांत जास्त राबणाऱ्या गाडीला सर्वांत कमी वेळा सफाई लागते, आणि आरामात पडून राहणारीचं पोट बिघडतं. आमच्या फ्लोअरवर याची जिवंत उदाहरणं आहेत, पण नावं नकोत. खऱ्या अमेरिकन पिकअपमध्येही दोन सफायांमधलं अंतर असंच शे-दोनशेपासून सातशे-आठशे किलोमीटरपर्यंत कमीजास्त होतं. म्हणून 'माझी तीनशेला करते, त्याची सहाशेला, माझी बिघडली' ही तुलनाच फोल आहे. तुलना करायची तर स्वतःच्याच गाडीच्या मागच्या महिन्याशी करा.

आणि तिथे हा आकडा खरा उपयोगी पडतो. वापर तोच, पण अंतर कमी होत चाललंय, तर काहीतरी गडबड आहे. इंजेक्टर गळत असेल, टर्बोच्या पाईपमधून हवा जात असेल, इंजिन ऑइल जळत असेल. नाहीतर राख. काजळी जळते, राख जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक वगैरेंच्या संयुगांपासून. राखेने पाव फिल्टर व्यापला तर क्षमता ३० ग्रॅम उरली, आणि आपली ६६७ वाली गाडी ५०० वर आली. राख काढायला फिल्टर उतरवून साफ करावा लागतो. म्हणून अशा गाडीत कमी राखेचं, कंपनीने सांगितलेलंच ऑइल घालायचं.

अर्धवट सफाईचा तोटा वेगळाच. सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल सोडणाऱ्या इंजिनांत त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. दर वेळी सफाई सुरू झाली की चावी बंद केली, तर काजळी तिथेच आणि ऑइल मात्र पातळ. डिपस्टिकवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तर खूश होऊ नका. ते फुकट मिळालेलं नसतं!

मग काढूनच टाकू या की!

हे वाक्य अमेरिकेतही म्हटलं गेलं आणि आमच्या घरीही. नाशिकला माझे मामा पिकअपने भाजी पोचवतात. मळा ते मार्केट जेमतेम बारा किलोमीटर. डॅशबोर्डवरचा दिवा सारखा लागायचा. गॅरेजवाला म्हणाला, आतला ठोकळा फोडून रिकामा पाईप करून देतो, कटकट संपली. मामांनी मला फोन केला, "अगं, तू इंजिनिअर होतेयस ना? सांग, काढू का?"

मी म्हटलं, "मामा, महिनाभर थांबा. दिवा कधी लागतो ते किलोमीटरसकट वहीत लिहा. आणि आठवड्यातून एकदा इगतपुरीच्या दिशेने अर्धा तास एकसारखी गाडी चालवा, मध्ये बंद करू नका." मामी म्हणाल्या डिझेल काय वर येतं का! पण वही आली. हायवेवर फिरवलेल्या आठवड्यांत दिवा लागलाच नाही. फिल्टर चांगला होता, त्याला पुरेसा ताप मिळत नव्हता, एवढंच. मार्केटला गाडी चालू ठेवून क्रेट उतरवतात, तेव्हा त्या पाईपमागे हमाल असतात आणि मामांचा चौदा वर्षांचा मुलगाही असतो. हे बोलल्यावर मामांनी गॅरेजचा विषय पुन्हा काढला नाही.

अमेरिकेत मात्र खूप जणांनी काढून टाकलं. तिथल्या पर्यावरण खात्याच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज होता, की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढली किंवा बंद केली गेली. आणि २०१२ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं होतं. फिल्टर काढला की दिवा बंद होतो, धूर नाही. तो फक्त आपल्या फिल्टरमधून मागच्या माणसाच्या छातीत शिफ्ट होतो.

तेव्हा घरी, शेजारी, ओळखीत कोणाकडे डीपीएफवाली गाडी असेल तर त्यांना तीन गोष्टी सांगा. सफाई सुरू झाली की पूर्ण होऊ द्या, ऑइल बरोबर घाला, आणि दोन सफायांमधलं अंतर वहीत लिहा. एक जुनी वही आणि एक पेन एवढ्यावर चालणारं डायग्नॉस्टिक टूल आपल्याला सिलॅबसमध्ये कोणी शिकवलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता ज्यांचं आयसी इंजिन्सचं सबमिशन बाकी आहे त्यांनी यातली आकृती माझ्याकडे मागायला यायला हरकत नाही. जर्नल मात्र मिळणार नाही!